गायक गेला आणि १५७ दिवसांत अल्बम आला : एसी/डीसीच्या ‘बॅक इन ब्लॅक’ची गोष्ट

२००८ साली आलेल्या ‘आयर्न मॅन’चा पहिला सीन आठवतोय? अफगाणिस्तानातला उजाड रस्ता, लष्करी गाड्यांचा ताफा आणि त्यातल्या एका गाडीत हातात ग्लास घेऊन ऐटीत बसलेला टोनी स्टार्क. मागे एक इलेक्ट्रिक गिटार वाजत असते. जोरदार ठोका, मग शांतता, मग परत ठोका. इंग्रजी गाण्यांशी फारसा संबंध नसलेल्यांनाही ही धून कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते.

त्या गाण्याचं नाव ‘बॅक इन ब्लॅक’. ऐकताना वाटतं की हे पार्टीतलं, मस्तीतलं गाणं आहे. प्रत्यक्षात ते एका गेलेल्या मित्रासाठी केलेलं आहे. याच नावाचा अल्बम २५ जुलै १९८० ला आला, तेव्हा बँडच्या गायकाला जाऊन १५७ दिवस झाले होते. माईकवर नवा माणूस होता. आणि हाच अल्बम पुढे जगात सगळ्यात जास्त विकल्या गेलेल्या अल्बम्सच्या यादीत जाऊन बसला.

पाच महिन्यांत हे कसं जमलं? आणि ज्या बँडचा आवाजच गेला, त्याने पुढे जायचं की थांबायचं? त्याचीच ही गोष्ट.

शिलाई मशीनवरून मिळालेलं नाव

गोष्ट सुरू होते ऑस्ट्रेलियात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातलं यंग कुटुंब १९६३ साली बोटी-विमानांच्या त्या स्थलांतराच्या काळात सिडनीला येऊन स्थायिक झालं. घर गाण्याबजावण्याचं. थोरला भाऊ जॉर्ज ‘ईझीबीट्स’ या गाजलेल्या बँडमध्ये होता. त्याचं बघून धाकटे दोघे, माल्कम आणि अँगस, गिटार वाजवायला लागले.

१९७३ च्या शेवटी दोघांनी स्वतःचा बँड काढला. नाव सुचवलं बहिणीने, मार्गारेटने. घरातल्या शिलाई मशीनवर ‘एसी/डीसी’ अशी अक्षरं होती, म्हणजे मशीन दोन्ही प्रकारच्या विजेवर चालतं. नावात करंट आहे म्हणून भावांना ते आवडलं. अँगसने स्टेजवर शाळेचा गणवेश, हाफ पँट आणि टाय घालून यायचं, ही कल्पनासुद्धा तिचीच. आज सत्तरीतला अँगस अजून त्याच वेशात स्टेजवर येतो.

बँडमधली कामाची वाटणी अशी होती की अँगस पुढे नाचत, पळत लीड गिटार वाजवणार आणि माल्कम मागे उभा राहून रिदम गिटार सांभाळणार. बघणाऱ्याचं लक्ष अँगसकडे, पण बँडची सूत्रं माल्कमकडे.

बॉन स्कॉट : बँडचा चेहरा आणि आवाज

१९७४ मध्ये बँडला बॉन स्कॉट मिळाला. तोही मूळचा स्कॉटिश आणि लहानपणीच ऑस्ट्रेलियात आलेला. यंग भावांपेक्षा वयाने मोठा, अनेक बँड आणि बरेच टक्केटोणपे खाऊन आलेला. आवाजात खरखर, चेहऱ्यावर खट्याळ हसू आणि गाण्याच्या ओळींत रस्त्यावरचा चावट विनोद. एसी/डीसीची गाणी कशी असावीत हे बॉनने ठरवलं म्हटलं तरी चालेल.

पाच-सहा वर्षं बँडने ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिका पालथी घातली. १९७९ मध्ये ‘हायवे टू हेल’ आला. निर्माता होता रॉबर्ट जॉन लँग, ज्याला सगळे ‘मट’ लँग म्हणतात. हा अल्बम अमेरिकेच्या यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत गेला. इतकी वर्षं दार ठोठावल्यावर अमेरिकेने दार उघडलं होतं. आता पुढचा अल्बम मोठा होणार, असं सगळ्यांना दिसत होतं.

१९८० च्या सुरुवातीला लंडनमध्ये माल्कम आणि अँगस नव्या गाण्यांच्या चाली बसवत होते. एक दिवस बॉन तिथे आला. तो मुळात ड्रमर, त्यामुळे गायला नाही, ड्रमवर बसला आणि दोन चालींना साथ दिली. थोड्याच दिवसांत ओळी लिहून आणतो, असं ठरलं.

त्या ओळी आल्याच नाहीत.

१९ फेब्रुवारी १९८०

आदल्या रात्री बॉन लंडनच्या कॅम्डन भागातल्या एका क्लबमध्ये बराच वेळ पीत बसला होता. परतताना तो मित्राच्या गाडीत झोपी गेला. उठवूनही उठेना म्हणून त्याला गाडीतच झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी मित्र गाडीपाशी आला तेव्हा बॉनची हालचाल होत नव्हती. हॉस्पिटलमध्ये नेल्यावर त्याला मृत घोषित केलं. वय होतं ३३.

चौकशीअंती कारण नोंदवलं गेलं ते अतिमद्यपानामुळे झालेली विषबाधा, आणि मृत्यू अपघाती ठरला. त्याच्या मृत्यूबद्दल नंतर अनेक तर्क लढवले गेले, पण अधिकृत नोंद हीच आहे.

बॉनचे अंत्यसंस्कार पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला झाले, जिथे त्याचे आई-वडील राहत होते. बँड मोडायचा का, हा प्रश्न भावांच्या मनात होता. माल्कम आणि अँगस यांनी नंतर सांगितलं आहे की बॉनच्या आई-वडिलांनीच त्यांना धीर दिला. तुम्ही तरुण आहात, बॉनलाही तुम्ही थांबलेलं आवडलं नसतं, दुसरा गायक शोधा, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता.

ज्यांचा मुलगा गेला, त्यांनीच पुढे जायला सांगितलं. कामाला लागल्यावर थोडं सावरता येईल, म्हणून भाऊ परत खोलीत जाऊन गिटार घेऊन बसले.

नवा गायक शोधताना जुन्याचीच शिफारस

गायकाच्या जाण्याने बँड संपल्याची उदाहरणं कमी नाहीत. ‘द डोअर्स’चं उदाहरण समोरच होतं. १९७१ मध्ये जिम मॉरिसन गेल्यावर उरलेल्या तिघांनी स्वतः गाऊन दोन अल्बम काढले, पण लोकांनी ते मनावर घेतले नाहीत आणि बँड विरून गेला.

एसी/डीसीने अनेक गायकांची चाचणी घेतली. त्यातलं एक नाव होतं ब्रायन जॉन्सन.

ब्रायन इंग्लंडच्या ईशान्येकडचा, न्यूकॅसलच्या शेजारच्या गेट्सहेडचा. वडील ब्रिटिश सैन्यात, आई इटालियन. १९७३ मध्ये त्याच्या ‘जॉर्डी’ या बँडचं एक गाणं ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेलं होतं. मग यश ओसरलं. १९८० मध्ये बत्तीस वर्षांचा ब्रायन गाड्यांच्या छतावर व्हायनिल बसवून देण्याचा छोटा धंदा करत होता आणि संध्याकाळी जमेल तिथे गात होता. आपली संधी येऊन गेली, असं त्याने जवळपास मान्य करून टाकलं होतं.

इथे गोष्टीत एक विलक्षण धागा आहे. १९७३ मध्ये बॉन स्कॉट त्याच्या जुन्या बँडबरोबर ब्रिटनमध्ये असताना त्याने ‘जॉर्डी’चा कार्यक्रम पाहिला होता. त्या रात्री ब्रायन स्टेजवर अक्षरशः लोळत, किंचाळत गायला. बॉन थक्क झाला. पुढे एसी/डीसीत आल्यावर त्याने यंग भावांना या माणसाबद्दल रंगवून सांगितलं होतं. गंमत अशी की ब्रायनच्या सांगण्यानुसार ते नाटक नव्हतंच. त्याचं अपेंडिक्स दुखत होतं आणि तो खरोखर कळवळत होता!

म्हणजे आपल्या जागी कोण येऊ शकतं, हे बॉनने नकळत आधीच सांगून ठेवलं होतं.

ब्रायन चाचणीला लंडनला पोचला, तेव्हा सरळ वर बँडकडे जाण्याऐवजी खाली पूल खेळणाऱ्या लोकांत रमला. त्याला वाटलं हेच बँडवाले. ते निघाले बँडचे कामगार. शेवटी वर गेला तेव्हा माल्कमने त्याला न्यूकॅसलची बिअर दिली. त्याने दोन गाणी गायली. एक टीना टर्नरचं, एक एसी/डीसीचं. भावांना हवं ते मिळालं होतं. काही दिवसांनी फोन आला आणि एप्रिलपर्यंत ब्रायन बँडमध्ये होता.

एक गोष्ट इथे महत्त्वाची. ब्रायनचा आवाज बॉनसारखा नव्हता. बॉन गाणं बोलल्यासारखं, डोळा मारत म्हणायचा. ब्रायनचा आवाज वरच्या पट्टीतला, फाटल्यासारखा, घशाच्या सगळ्या ताकदीने येणारा. बँडला बॉनची नक्कल करणारा माणूस नकोच होता.

बहामाचं वादळ

रेकॉर्डिंग ठरलं बहामा बेटांवरच्या नासाऊमधल्या कंपास पॉइंट स्टुडिओत. नाव ऐकून समुद्रकिनारा आणि सुट्टी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात बँड पोचला तेव्हा वादळी पाऊस होता, वीज जात होती आणि वाद्यांचं काही सामान कस्टममध्ये अडकलं होतं. मुक्कामाच्या जागी चोरांची भीती होती. घरमालकीण बाईंनी रात्री जवळ ठेवायला मासे मारायचे भाले दिले होते, असं ब्रायन सांगतो.

एप्रिल-मे १९८० मध्ये हे काम झालं. मट लँग परत निर्माता होता, ध्वनिमुद्रक टोनी प्लॅट. अँगस, माल्कम, बासवर क्लिफ विल्यम्स, ड्रमवर फिल रड हे चौघे एकमेकांना ओळखून होते. नवा होता फक्त ब्रायन. आणि त्याच्यापुढे कोरा कागद. चाली तयार, नावंही बरीचशी तयार, पण ओळी लिहायच्या त्याला. काही आठवड्यांपूर्वी गाड्यांची छतं बसवणाऱ्या माणसाला आता बॉन स्कॉटच्या जागी बसून लिहायचं होतं.

‘बॅक इन ब्लॅक’ या गाण्यासाठी भावांनी त्याला एकच सूचना दिली. हे बॉनसाठी आहे, पण रडगाणं नको. बॉन जसा जगला तसं, त्याचा उत्सव वाटेल असं हवं. ‘हेल्स बेल्स’ या गाण्याच्या ओळी तर बाहेर कडाडणाऱ्या विजांवरूनच सुचल्या. ओळी सुचेनात तेव्हा लँगने बाहेरच्या गडगडाटाकडे बोट दाखवलं आणि ब्रायनने जे ऐकू येतंय तेच कागदावर उतरवलं.

शेवटचं गाणंही असंच घाईत झालं. नऊ गाणी झाली होती, दहावं हवं होतं. माल्कम आणि अँगसने ते साधारण पंधरा मिनिटांत रचलं, असं सांगितलं जातं.

ऐकायला सोपं, वाजवायला अवघड

हा अल्बम ऐकताना एक प्रश्न पडतो. इतक्या साध्या गाण्यांत असं आहे तरी काय?

आधी ‘रिफ’ म्हणजे काय ते बघू. भावगीतात मुखडा जसा फिरून फिरून येतो, तशी रॉकमध्ये गिटारची एक छोटी, ठसठशीत ओळ परत परत वाजते. गाणं तिच्यावर उभं राहतं. तीच रिफ. ‘बॅक इन ब्लॅक’ची रिफ माल्कमकडे आधीपासून कॅसेटवर पडून होती.

त्या रिफची खरी ताकद सुरांइतकीच मधल्या रिकाम्या जागेत आहे. गिटारचा ठोका येतो आणि लगेच सगळं थांबतं. त्या थांब्यात फक्त फिल रडचा ड्रम चालू असतो. मग पुढचा ठोका. ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते, कारण रिकामी जागा तो स्वतः भरत असतो. हार्ड रॉक म्हणजे नुसता गोंगाट, असं ज्यांना वाटतं त्यांनी या गाण्यातली शांतता मोजून बघावी.

फिल रडने कुठेही जास्तीची कलाकुसर केलेली नाही. क्लिफ विल्यम्सचा बासही तसाच, पायासारखा. लँगचा आग्रह होता की प्रत्येक वाद्य वेगळं आणि स्वच्छ ऐकू आलं पाहिजे. ब्रायनकडूनही त्याने ओळी पुन्हा पुन्हा गाऊन घेतल्या. किंचाळतानाही शब्द कळले पाहिजेत, हा त्याचा हट्ट.

एक टनाची घंटा

अल्बम सुरू होतो घंटेच्या टोलांनी. हा सगळ्या अल्बममधला सगळ्यात थेट शोक.

ही घंटा इंग्लंडमधल्या लफबरो गावच्या जॉन टेलर कंपनीत ओतली गेली. पितळेसारखी दिसणारी, पण काशाच्या धातूची, वजन सुमारे एक टन. टोनी प्लॅट आधी गावातल्या युद्धस्मारकाच्या मनोऱ्यातल्या घंटेचा आवाज मुद्रित करायला गेला होता. पण टोल पडला की आत बसलेले पक्षी फडफड करत उडायचे आणि रेकॉर्डिंग वाया जायचं. शेवटी बँडसाठी तयार होत असलेली घंटा कारखान्यातच वाजवून तिचा आवाज घेतला. मिक्सिंग करताना तो निम्म्या वेगाने वाजवला, म्हणजे घंटा आणखी मोठी आणि खोल वाटावी.

पुढे दौऱ्यांमध्ये घंटा छतावरून खाली यायची आणि ब्रायन हातोड्याने ती वाजवायचा.

आता या गाण्याची रचना बघा. आधी टोल, मग गिटार, मग ड्रम. नवा गायक मिनिटभराहून जास्त वेळ तोंडच उघडत नाही. आधी गेलेल्याला निरोप, मग नव्याचा प्रवेश. ऐकणाऱ्याला कुणी काही समजावून सांगत नाही, पण क्रम सगळं सांगतो.

काळ्या कव्हरचा वाद

अल्बमचं कव्हर पूर्ण काळं हवं, असा बँडचा आग्रह होता. फोटो नाही, चित्र नाही. कारण एकच, सुतक.

रेकॉर्ड कंपनीला हे पसंत नव्हतं. दुकानात काळ्या कव्हरवरचं काळं नाव दिसणार कुणाला? अखेर तडजोड झाली. कव्हर काळंच राहिलं, फक्त बँडच्या नावाच्या अक्षरांना करड्या रंगाची बारीक किनार आली. बॉनसाठी या अल्बममध्ये वेगळं श्रद्धांजलीचं पान नाही. घंटा, काळा रंग आणि एका गाण्याचं नाव, एवढंच.

लोकांनी स्वीकारलं का?

ब्रायनचा बँडबरोबरचा पहिला कार्यक्रम २९ जून १९८० ला बेल्जियममधल्या नामूर शहरात झाला. अल्बम यायला अजून महिना होता, म्हणजे समोरच्या लोकांनी त्याचा आवाज या बँडबरोबर कधी ऐकलाच नव्हता. लोक बॉनला बघत मोठे झाले होते. हूटिंग झालं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. तसं झालं नाही.

अल्बम ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत तो चौथ्या क्रमांकाच्या वर कधीच गेला नाही, पण विकला जायचा थांबलाही नाही. २०१९ मध्ये तिथल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संस्थेने एकट्या अमेरिकेत २.५ कोटी प्रतींचं प्रमाणपत्र दिलं. जगभरातला आकडा अंदाजे ५ कोटी धरला जातो.

त्या वर्षीची बाकीची घडामोड बघितली की या यशाचं वजन कळतं. एप्रिल १९८० मध्ये ‘ब्लॅक सबाथ’ने ऑझी ऑस्बॉर्नच्या जागी रॉनी जेम्स डिओला घेऊन ‘हेवन अँड हेल’ काढला आणि बँडला नवं आयुष्य मिळालं. पण तिथे जुना गायक जिवंत होता, वेगळा झाला होता. सप्टेंबरमध्ये ‘लेड झेपलिन’चा ड्रमर जॉन बॉनम गेला आणि डिसेंबरमध्ये त्या बँडने आपण थांबत असल्याचं जाहीर केलं. एकाच वर्षात तीन मोठ्या बँडनी तीन वेगळी उत्तरं दिली. यात कुणाचंच चुकलं, असं म्हणता येत नाही.

न सुटलेला प्रश्न : ओळी कुणाच्या?

या अल्बमभोवती एक वाद आजही फिरतो. बॉन ओळी वहीत लिहून ठेवायचा. मग त्याच्या वहीतल्या काही ओळी या अल्बममध्ये वापरल्या गेल्या का? काही चाहत्यांना तसं ठामपणे वाटतं, कारण काही शब्दांचा बाज त्यांना बॉनचा वाटतो.

बँडने हे कायम नाकारलं आहे. दहाही गाण्यांवर अँगस यंग, माल्कम यंग आणि ब्रायन जॉन्सन अशी तीनच नावं आहेत. ओळी आपणच लिहिल्या, असं ब्रायन सातत्याने सांगत आला आहे. उलट सिद्ध करणारी वही कुणी समोर आणलेली नाही.

दुसरी खटकणारी बाजूही आहे. दारूने ज्याचा जीव गेला, त्याच्यानंतरच्या अल्बममध्ये दारूची मौज गाणारं एक गाणं आहे. काही गाण्यांतला बायकांबद्दलचा सूर आज ऐकताना जुनाट आणि सवंग वाटतो. पण ते दारूचं गाणं म्हणजे त्याच दोन चालींपैकी एक, जिला बॉनने शेवटच्या दिवसांत ड्रमची साथ दिली होती. बँडने ती काढून टाकली नाही. असंवेदनशीलता म्हणायची की मित्राची शेवटची आठवण, हे ऐकणाऱ्यावर आहे.

पुढे काय झालं?

ब्रायन तात्पुरता ठरला नाही. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, ‘फॉर दोज अबाउट टू रॉक’ने बँडला अमेरिकेत पहिल्यांदा पहिला क्रमांक मिळवून दिला.

मग २०१६ मध्ये चक्र फिरलं. ऐकू येणं कायमचं जाईल, असा इशारा डॉक्टरांनी दिल्यामुळे ब्रायनला दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. उरलेल्या कार्यक्रमांत त्याच्या जागी ‘गन्स एन रोझेस’चा ॲक्सल रोज गायला. ३६ वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या जागी आलेल्या माणसाने आपल्या जागी दुसरा उभा असलेला पाहिला.

त्याआधी २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे माल्कमने बँड सोडला होता. १८ नोव्हेंबर २०१७ ला तो गेला. २०२० मध्ये ब्रायन परतला आणि ‘पॉवर अप’ हा अल्बम आला. त्यातल्या गाण्यांवर माल्कमचं नाव आहे, कारण ती दोघा भावांनी पूर्वी करून ठेवलेल्या चालींवर उभी आहेत. अल्बम माल्कमला अर्पण केलेला आहे.

म्हणजे चाळीस वर्षांनी बँडने पुन्हा तेच केलं. माणूस गेला, तेव्हा हातात उरलेल्या चाली घेऊन स्टुडिओत गेले. पुढच्या वेळी ‘आयर्न मॅन’ बघताना ती गिटार वाजली, की ठोक्यांच्या मधल्या शांततेकडे लक्ष द्या. बॉनची जागा तिथे आहे.